शब्दाचा अर्थ कसा सांगावा?

शब्दाचा अर्थ म्हणजे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटण्याचा संभव आहे. मनुष्य दिवसाकाठीं हजारों शब्द बोलतो व ऐकतो. त्यांचे अर्थ त्याला ठाऊक असतात, आणि क्वचित् एखादा शब्द अडलाच तर शब्दकोश हाताशीं असतो. परंतु अर्थ ठाऊक असणें निराळें आणि तो सांगतां येणें निराळें. पट्टीच्या पोहणाराला पाण्यांत आपले हातपाय कसकसे चालतात हें सांगतां येईलच असें नाहीं. तसेंच हें आहे. एखाद्या अगदीं घरगुती शब्दाचा अर्थ नेमका सांगण्याची पाळी आली, आणि त्या सांगण्यावर कोणाचा तरी पैसा अवलंबून असला, म्हणजे ही अडचण किती खरी आहे तें ध्यानांत येतें.

अशी पाळी अकोल्याच्या एका पानांच्या व्यापाऱ्यावर आली होती. मध्यप्रांत व वऱ्हाड यांसाठीं १९४७ सालीं झालेल्या विक्रीकराच्या कायद्यांत 'व्हेजिटेबल्स' म्हणजे भाजीपाल्याला करमाफी होती. विड्याचें पान हें वेलीचें पान. आणि इंग्रजी कोशाप्रमाणें पाहिलें तर वनस्पतीपासून मिळणारें जें जें, तें तें सर्व 'व्हेजिटेबल' या शब्दांत येऊं शकतें. तेव्हां पानांनाहि कर लागूं नये, असा व्यापाऱ्याचा दावा होता. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६१ सालीं निकाल लागला कीं, विड्याचीं पानें हा भाजीपाला नव्हे. कायद्याच्या माफीच्या यादींत पूर्वीं पानांची वेगळी नोंद होती व ती पुढें काढून टाकण्यांत आली होती, हें त्याचें एक कारण. दुसरें कारण अधिक व्यापक होतें: असा शब्द वनस्पतिशास्त्रज्ञाच्या अर्थानें न घेतां लोकव्यवहारांतील अर्थानें घेतला पाहिजे, असें न्यायालयाचें मत पडलें.

टोमॅटोची कथा याहून जुनी आहे. अमेरिकेंत १८८३ च्या जकातीच्या कायद्यानें बाहेरून येणाऱ्या भाज्यांवर १० टक्के कर बसे, आणि फळांना माफी होती. टोमॅटो हें वनस्पतिशास्त्राप्रमाणें फळ. वकिलांनीं न्यायालयांत शब्दकोशांतील व्याख्या वाचून दाखविल्या. परंतु १८९३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, लोकांच्या बोलण्यांत टोमॅटो ही भाजीच होय. कारण तो मुख्य जेवणाबरोबर खाल्ला जातो, जेवणानंतरच्या फळांत त्याची गणना होत नाहीं. भारतांत १९७७ सालीं पश्चिम बंगालमधून ओल्या आल्याचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयापुढें आला, आणि तेथें आलें भाजींत मोडतें असा निर्णय झाला.

पान ही भाजी नव्हे, आलें ही भाजी आहे, आणि टोमॅटो फळ असूनहि भाजी आहे! या तिन्ही निकालांत आधार एकच, लोकव्यवहारांतील अर्थाचा. पण हा अर्थ राहतो कोठें, आणि तो सांगावयाचा कसा? भाषाशास्त्राची जी शाखा अर्थाचा विचार करते, तिचा हाच मुख्य प्रश्न आहे. त्याला आजवर अनेक उत्तरें देण्यांत आलीं. त्यांतील प्रत्येकांत कांहीं तथ्य आहे, आणि प्रत्येक कोठें ना कोठें अपुरें पडतें.

सर्वांत सोपें उत्तर बोट दाखविण्याचें. लहान मूल विचारतें, 'गाय म्हणजे काय?' आई अंगणांतील गायीकडे बोट दाखविते. शब्द हें वस्तूचें नांव, आणि वस्तु हाच त्याचा अर्थ. पण बोट नेमकें कशाकडे आहे? समोरच्या त्या एका तांबड्या गायीकडे, कीं सर्व गायींत असणाऱ्या गायपणाकडे? हा वाद फार प्राचीन आहे. पाणिनीच्या सूत्रांवरील कात्यायनाच्या वार्तिकांत आणि पतंजलीच्या महाभाष्यांत त्याचा खल झालेला आहे. व्याडीच्या मतें शब्द द्रव्य, म्हणजे ती ती व्यक्ति, सांगतो; वाजप्यायनाच्या मतें तो आकृति, म्हणजे सर्व व्यक्तींना समान असलेलें रूप, सांगतो. 'गाय आण' म्हटल्यावर एखादी विवक्षित गायच आणली जाते, म्हणून व्याडीचें म्हणणें पटतें. पण पूर्वीं कधीं न पाहिलेल्या गायीलाहि लोक गायच म्हणतात, म्हणून वाजप्यायनाचेंहि सोडवत नाहीं. शिवाय 'परंतु', 'कदाचित्', 'उद्यां' या शब्दांचे अर्थ कोणत्या बोटानें दाखवावे? जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेग यानें १८९२ सालीं आणखी एक अडचण मांडली. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा एकच, तो म्हणजे शुक्र. दोन्ही नांवांचा अर्थ ती वस्तु एवढाच असता, तर पहाटेचा तारा तोच संध्याकाळचा तारा, हें ऐकून कोणाच्या ज्ञानांत तिळमात्र भर पडली नसती. ज्या अर्थीं ती पडते, त्या अर्थीं वस्तु आणि अर्थ यांत अंतर आहे.

दुसरें उत्तर व्युत्पत्तीचें; सुशिक्षितांना तें विशेष प्रिय असतें. शब्द फोडला कीं आंतून अर्थ निघतो, अशी त्यामागील समजूत. पंकज म्हणजे चिखलांत जन्मलेलें. परंतु चिखलांत किडे जन्मतात, गवत उगवतें; त्यांना पंकज कोणी म्हणत नाहीं. म्हणूनच आपल्या शास्त्रकारांनीं यौगिक, रूढ व योगरूढ असे शब्दांचे भेद केले, आणि योगापेक्षां रूढि बलवत्तर मानली. व्युत्पत्ति शब्दाचें कुळ सांगते. त्याचा आजचा धंदा सांगत नाहीं.

तिसरें उत्तर कोशकाराचें. वस्तूची जाति सांगावी, मग तिला इतरांपासून वेगळा करणारा गुण सांगावा, ही व्याख्येची जुनी व चांगली रीत आहे. ती घोडी, वासरूं, त्रिकोण अशा शब्दांना छान लागू पडते. पण धैर्य म्हणजे धीर, धीर म्हणजे हिंमत आणि हिंमत म्हणजे पुन्हा धैर्य, असा प्रकार सुरू झाला कीं भाषा न जाणणाऱ्याच्या नशिबीं नुसत्या प्रदक्षिणा येतात. पोलंडमध्यें जन्मलेल्या व पुढें ऑस्ट्रेलियांत स्थायिक झालेल्या अ‍ॅना व्हिएर्झबित्स्का या विदुषीनें यावर एक उपाय सुचविला. मी, तूं, कोणी, करणें, जाणणें, चांगलें, वाईट अशा कांहीं कल्पना याहून सोप्या करून सांगतांच येत नाहींत, आणि त्या सर्व भाषांत सांपडतात, असें तिचें प्रतिपादन आहे. तेव्हां बाकीचे सर्व शब्द या मोजक्या कल्पनांनींच समजवावे. १९७२ सालीं तिच्या यादींत अशा १४ कल्पना होत्या. पुढें ही संख्या सुमारें ६५ वर गेली. या मार्गानें प्रदक्षिणा थांबते खरी, पण साध्या कपाची व्याख्याहि पानभर लांबते!

जेथें शब्दांचें एखादें आटोपशीर कुटुंब असतें, तेथें चौथी एक रीत फार उपयोगी पडते. ती म्हणजे अर्थाचे घटक पाडण्याची. १९५६ सालीं फ्लॉइड लाउन्सबरी व वॉर्ड गुडइनफ या दोन अमेरिकन पंडितांनीं नातेवाचक शब्दांना ती लावून दाखविली. पहिल्यानें अमेरिकेंतील पॉनी जमातीच्या, तर दुसऱ्यानें पॅसिफिक महासागरांतील ट्रक बेटांवरील लोकांच्या शब्दांना. मराठींतील काका, मामा, आत्या आणि मावशी हे चार शब्द घेतले तर ही रीत चटकन् कळते. चौघेंहि आईबापांच्या पिढींतलीं. दोनच प्रश्न विचारले कीं चौघें वेगळीं होतात: नातें बापाकडून कीं आईकडून, आणि व्यक्ति पुरुष कीं स्त्री? बापाकडून पुरुष तो काका व स्त्री ती आत्या. आईकडून पुरुष तो मामा व स्त्री ती मावशी. इंग्रजींतील 'अंकल' हा शब्द यांतील पहिला प्रश्न विचारीतच नाहीं. म्हणून काका व मामा दोघेहि त्यांत मावतात. इंग्रजी कादंबरीचें मराठी भाषांतर करणारा येथेंच अडखळतो. मूळ लेखकानें जें सांगितलेंच नाहीं, तें मराठींत सांगितल्यावांचून त्याला पुढें जातां येत नाहीं.

परंतु या कोष्टकानेंहि सर्व काम भागत नाहीं. जुन्या मराठी घरांत सून सासऱ्याला मामंजी व सासूला आत्याबाई म्हणत असे. हें त्या कोष्टकांत बसत नाहीं. तें बसतें समाजाच्या चालीरीतींत. मुलानें मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रांत अनेक जातींत आहे. तसें लग्न झालें म्हणजे सुनेची सासू ही तिची सख्खी आत्याच असते, आणि आत्याच्या नवऱ्याला कित्येक घरांत मामाच म्हणतात. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथांत भारतीय भाषांतील नातेवाचक शब्दांचा विवाहाच्या चालींशीं असा मेळ घालून दाखविला आहे. शिवाय चांदोमामा हा कोणाच्याहि आईचा भाऊ नव्हे. आणि एखाद्याला मामा बनविणें यांत तर नात्याचा मागमूसहि नाहीं. घटक पाडल्यानें शब्दाचा सांगाडा हातीं येतो. त्याच्या अंगावरील मांस बाहेरच राहतें.

नातेवाचक शब्दांच्या या उदाहरणांतून एक मोठें तत्त्व मात्र निष्पन्न होतें. 'अंकल' व 'काका' यांतील फरक त्या शब्दांत एकेकटे पाहून दिसत नाहीं. त्यांचे शेजारी पाहिले म्हणजे दिसतो. जिनीव्हा येथील भाषापंडित फर्दिनां द सोस्यूर यानें आपल्या व्याख्यानांत हेंच तत्त्व मांडलें होतें. त्याच्या मृत्यूनंतर १९१६ सालीं तीं व्याख्यानें ग्रंथरूपानें बाहेर आलीं. फ्रेंच भाषेंत 'मुतों' हा एकच शब्द मेंढीलाहि चालतो आणि तिच्या मांसालाहि. इंग्रजींत चरते ती 'शीप' आणि ताटांत येतें तें 'मटन'. म्हणून मुतों आणि शीप हे दोन्ही शब्द मेंढीच दाखवीत असले, तरी आपापल्या भाषेंत त्यांचें मोल सारखें नाहीं. इंग्रजी 'राइस' आणि मराठी 'तांदूळ' यांचेंहि तसेंच आहे. मराठींत शेतांत उभें असतें तें भात, सडल्यावर होतात ते तांदूळ, शिजल्यावर पुन्हा भात. आणि पोहे व चुरमुरे ही तर निराळीच मंडळी. १९७८ सालीं आंध्र प्रदेशांतील विक्रीकराच्या एका वादांत पोहे व मुरमुरे हे 'राइस' या शब्दांत येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. इंग्रजी शब्दाच्या बाबतींत हें अवघड वाटत नाहीं. कारण तेथें मुरमुरे हेहि फुललेले 'राइस'च. पण तोच कायदा मराठींत 'तांदूळ' हा शब्द घालून लिहिलेला असता, तर पोह्यांना त्यांत शिरकाव मिळणें कठीण होतें. वाण्याकडून तांदूळ मागविले असतां त्यानें पोहे बांधून दिले, तर कोणतीहि गृहिणी ते परत पाठवील.

आतांपर्यंतच्या बहुतेक रीतींनीं एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: अर्थाला कुंपण असतें, आणि कोणतीहि वस्तु एक तर त्याच्या आंत असते, नाहीं तर बाहेर. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबॉव्ह यानें हें कुंपण शोधण्याचा एक सुंदर प्रयोग केला. तो १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें भांड्यांचीं चित्रें काढलीं. पहिलें नेहमींच्या कपासारखें, आणि पुढचीं क्रमाक्रमानें अधिकाधिक पसरट. प्रत्येक चित्र दाखवून तो लोकांना भांड्याचें नांव विचारी. पहिल्याला कप म्हणण्यांत एकमत होतें. पसरट होतां होतां कप म्हणणारे कमी होत गेले आणि 'बोल' म्हणजे वाडगा म्हणणारे वाढत गेले. मध्यें कोठेंहि एक ठळक रेघ सांपडली नाहीं. मग त्यानें तींच चित्रें पुन्हा दाखविलीं, पण भांड्यांत कुस्करलेले बटाटे आहेत अशी कल्पना करावयास सांगितलें. लगेच वाडगा म्हणणारांची संख्या वाढली. कॉफी आहे म्हटल्यावर पारडें कपाकडे झुकलें. भांडें तेंच, आकार तोच; नांव मात्र त्याच्या उपयोगावर हेलकावे खात होतें.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियांतील मानसशास्त्रज्ञ एलिनोर रॉश हिनें दुसऱ्या बाजूनें हाच प्रश्न हाताळला. तिनें विद्यार्थ्यांना फळें, भाज्या, पक्षी यांच्या याद्या दिल्या आणि प्रत्येक नांव त्या वर्गाचें कितपत चांगलें उदाहरण आहे, त्याला १ पासून ७ पर्यंत अंक द्यावयास सांगितलें. हे निष्कर्ष १९७५ सालीं प्रसिद्ध झाले. त्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें फळ म्हटलें कीं संत्रें व सफरचंद आघाडीस, आणि ऑलिव्ह अगदीं तळाशीं. भाजी म्हटलें कीं वाटाणा व गाजर पुढें. तात्पर्य, अर्थाला कुंपण नसलें तरी मध्य असतो. मराठी घरांत त्या मध्यावर मेथी, वांगें, दोडका यांची वस्ती असेल. कांदेबटाटे जरा अलीकडे पलीकडे. मंडईंत त्यांचा ढीगहि पुष्कळदां वेगळा असतो. आलें काठावर उभें. न्यायालयें नेमकीं या काठावरच्या वस्तूंसाठीं बसतात. मेथी ही भाजी आहे कीं नाहीं, यासाठीं कोणी वकील देत नाहीं.

राहतां राहिली ती सोबतीची रीत. जे. आर्. फर्थ हा इंग्रज पंडित कांहीं वर्षें लाहोर येथें इंग्रजीचा प्राध्यापक होता. पुढें १९४४ सालीं लंडन विद्यापीठांत सामान्य भाषाशास्त्राचें पहिलें अध्यासन त्याला मिळालें. शब्द कोणाच्या संगतींत वावरतो तें पाहावें, म्हणजे त्याचा अर्थ कळतो, असें त्यानें १९५७ सालीं प्रतिपादिलें. भारतीय परंपरेला हा विचार अपरिचित नाहीं. भर्तृहरीनें वाक्यपदीयांत अनेकार्थी शब्दाचा अर्थ ठरविणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे. तींत संयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल इत्यादींचा समावेश होतो. सैंधव या शब्दाचे मीठ व घोडा असे दोन अर्थ आहेत. जेवतांना कोणी सैंधव मागितलें तर मीठ द्यावें, प्रवासास निघतांना मागितलें तर घोडा, हें तर शास्त्रकारांचें ठरीव उदाहरण होय.

मराठींतील 'पान' हा शब्द या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. पान गळतें तेव्हां तें झाडाचें असतें. पान उलटतात तेव्हां तें पुस्तकाचें असतें. पान वाढतात तेव्हां तें जेवणाचें असतें. आणि पान जमतें, रंगतें तेव्हां तें विड्याचें असतें. ऐकणारा क्षणभरहि गोंधळत नाहीं. कारण शेजारचें क्रियापद त्याला वाट दाखवितें. आतां भाजीची संगत पाहावी. भाजी निवडतात, चिरतात, फोडणीस टाकतात, शिजवितात. मेथी असो, अळू असो कीं भोपळा असो, यांपैकीं कांहीं ना कांहीं तिच्या वांट्यास येतेंच. आल्यालाहि निदान किसून पातेल्यांत जागा मिळते. विड्याच्या पानाला मात्र यांतलें कांहींच लागत नाहीं. त्याच्या शिरा काढतात, त्याला चुना लावतात, त्याचा विडा करतात, आणि तो जेवण आटोपल्यावर खातात किंवा पाहुण्यापुढें ठेवतात. अळूचें पान व विड्याचें पान हीं दोन्ही पानेंच, दोन्ही खाण्याचीं. पण एकाचे सोबती डाळ, दाणे आणि चिंचगूळ. दुसऱ्याचे कात, चुना आणि सुपारी.

अलीकडे गणकयंत्रांना भाषा शिकविण्यासाठीं याच रीतीचा उपयोग होऊं लागला आहे. कोट्यवधि वाक्यांतून प्रत्येक शब्दाचे शेजारी कोणते याचा हिशेब करावयाचा, आणि ज्यांचे शेजारी सारखे ते शब्द अर्थानेंहि जवळचे मानावयाचे, अशी ही पद्धति. २०१३ नंतर तिचा फार प्रसार झाला. पण नुसत्या संगतीलाहि मर्यादा आहे. गोड व कडू, उजवा व डावा हे शब्द एकाच संगतींत वावरतात. म्हणून त्यांचा अर्थ कांहीं एक होत नाहीं. तेथें पुन्हा घटकांचा व विरोधाचा आश्रय करावा लागतो.

मग यांतील खरी रीत कोणती? प्रश्न असा विचारला तर उत्तर मिळणार नाहीं. कारण सर्व शब्द एका जातीचे नाहींत. गाय बोटानें दाखवितां येते. मामा कोष्टकांत मांडतां येतो. तांदूळ शेजाऱ्यांवरून ओळखतो. कप व भाजी यांचा मध्य सांगतां येतो, काठ सांगतां येत नाहीं. आणि पान वाक्यांत ठेवल्यावांचून उलगडत नाहीं. चांगल्या कोशांत या सर्वांचा थोडाथोडा अंश असतो. दाते व कर्वे यांनीं १९३२ ते १९३८ या काळांत सात विभागांत प्रसिद्ध केलेला महाराष्ट्र शब्दकोश चाळला, तर अर्थाबरोबर वाक्प्रचार व जुन्यानव्या ग्रंथांतील उदाहरणेंहि ठिकठिकाणीं आढळतात, तीं यासाठींच. नुसती व्याख्या ही अर्थाकडे जाण्याची वाट आहे. मुक्कामाचें ठिकाण पुढें, वापरांत आहे.

अकोल्याच्या व्यापाऱ्याचें वनस्पतिशास्त्र चुकलेलें नव्हतें, आणि त्याचा कोशहि खोटा नव्हता. त्याच्या दाव्यांत उणें होतें तें एवढेंच कीं, मंडईंत उभें राहून विड्याच्या पानाला भाजी म्हणणारा एकहि गिऱ्हाईक त्याला दाखवितां आला नसता. शब्दाची मालकी शास्त्रज्ञाकडे नाहीं, कोशकाराकडे नाहीं, आणि कायदा करणाराकडेहि नाहीं. ती तो शब्द रोज वापरणाऱ्या सर्वांकडे मिळून आहे. म्हणूनच शब्दाचा अर्थ ज्याला सांगावयाचा आहे, त्यानें आधीं लोक तो शब्द कसा वापरतात तें निमूटपणें ऐकावें, आणि मगच व्याख्या लिहावयास बसावें.